थरारपट पाहिल्यावर नेमकं मत कसं मांडावं

‘भारी होता’ किंवा ‘बोअर झालं’ एवढंच सांगितलं तर समोरच्याला तो सिनेमा बघावा की नाही हे कळत नाही. नेमकं मत द्यायला सिनेमाचा अभ्यास लागत नाही, पण बघताना काही प्रश्न मनात असावे लागतात.

१. ताण कुठून आला ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. थरारपटांसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ मध्ये दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा. ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

म्हणून जिथे श्वास रोखला गेला तो प्रसंग आठवा आणि स्वतःला विचारा: तेव्हा मला पात्रापेक्षा जास्त माहीत होतं की कमी? २०१३ च्या मूळ मल्याळम ‘दृश्यम’मध्ये पोलीस ज्या रात्रीची चौकशी करतात, त्या रात्री नायकाच्या घरात काय घडलं हे आपण पाहिलेलं असतं. तरीही पोलीस त्याच्या धाकट्या मुलीकडे वळले की पोटात गोळा येतो, कारण आता ती काय बोलेल याची धास्ती असते. नुसतं दचकवणारं पार्श्वसंगीत हे करू शकत नाही. दर दहा मिनिटांनी दचकवणाऱ्या सिनेमाला मी तरी थरारपट म्हणणार नाही.

२. मारामारीचा नकाशा मनात काढून बघा

दार कुठे, कोण कुठे उभा, कुणाच्या हातात काय? प्रसंग संपल्यावर हे सांगता आलं नाही, तर दोष बहुतेक वेळा चित्रीकरणाचा किंवा संकलनाचा असतो, तुमचा नाही. वेगवान कट, म्हणजे एका दृश्यावरून दुसऱ्यावर झटकन उडी, म्हणजे गोंधळच असंही नाही. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये कट भराभर येतात, पण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा पडद्याच्या मध्यभागी ठेवलेली असल्यामुळे नजर भरकटत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्याच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं.

आणखी एक बघा: मार लागलेला माणूस पुढच्या प्रसंगात लंगडतो का? लंगडत नसेल, तर पुढच्या वेळी त्याची काळजी वाटत नाही.

३. ट्विस्ट उलटा तपासा

खुणा आधी पेरल्या होत्या का? शेवटच्या क्षणी नवाच माणूस आणून उभा केला असेल, तर ती फसवणूक आहे, आणि तसं स्पष्ट म्हणावं.

४. सीरिजला वेगळा निकष लावा

एपिसोडच्या शेवटी सगळेच अडकवून ठेवतात. पुढच्या एपिसोडच्या पहिल्या पाच मिनिटांत तो पेच कसा सुटतो ते पाहा. सारखा सहज सुटत असेल, तर सीरिज नुसती ताणलेली आहे. मधला एखादा एपिसोड गाळूनही गोष्ट अडत नसेल, तर तेही सांगा.

५. मत लिहा, गोष्ट फोडू नका

साधारण पहिल्या अर्ध्या तासापलीकडचं कथानक सांगू नका. ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ हेही नको, कारण मग माणूस सिनेमा सोडून ट्विस्टच शोधत बसतो. त्याऐवजी असं लिहा: ‘पाठलाग स्पष्ट दिसतो, खलनायक हुशार आहे, मध्यंतरानंतर वेग मंदावतो, रक्तपात बराच आहे.’ रक्तपाताचा उल्लेख गाळू नका. तो सहन न होणारे प्रेक्षक पुष्कळ असतात.