पंधरा वर्षं किचनमध्ये काढली, मग क्रेडिट किती?

आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणजे कामातून आधीच शिकलेलं तपासून त्याला अभ्यासाचे क्रेडिट देणं, आणि एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) म्हणजे ते क्रेडिट जमा होतात ते खातं. कळंगुटच्या हॉटेलात किचन सांभाळणारा असो, वेर्ण्याला फार्मा प्लांटमध्ये शिफ्ट करणारी असो, जहाजावरून परतलेला तारवटी असो की म्हापशातल्या दुकानांचे हिशेब लिहिणारा असो, आरपीएलचा अर्ज भरताना बहुतेकांचं पहिलंच गणित चुकतं.

क्रेडिट कसे मोजायचे हे ठरवणाऱ्या २०२३च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कप्रमाणे ३० तासांचा १ क्रेडिट आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. हे वाचलं की माणूस ड्युटीचे तास मांडायला बसतो. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, झाले २४०० तास, म्हणजे ८० क्रेडिट. या हिशेबाने १२० क्रेडिटची पदवी दीड वर्षाच्या नोकरीत मिळायला हवी! ती मिळत नाही, कारण ते ३० तास शिकण्याचे आहेत आणि मूल्यमापन झाल्याशिवाय त्यांचा क्रेडिट होत नाही. एकच पदार्थ हजार वेळा केला तर हात बसतो, पण कागदावर शिकणं एकदाच मोजलं जातं.

अनुभवाला वजन आहे, पण ते गुणक म्हणून. संबंधित कामाचा अनुभव १ वर्षावर ते ४ वर्षांपर्यंत असेल तर १.३३, ४ वर्षांवर ते ७ पर्यंत १.६७ आणि ७ वर्षांपुढे २. मूळ १२ क्रेडिटचा कोर्स आणि ५ वर्षांचा अनुभव असेल तर १२ गुणिले १.६७, म्हणजे साधारण २०. मूळ कोर्सच नसेल तर शून्याला दोनाने गुणा, नाहीतर दोनशेने. पंधरा वर्षंवाले नेमके इथे अडकतात, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. म्हणून आधी एखाद्या ठरावीक कोर्सच्या निकषांवर मूल्यमापन करून घ्या, वर्षं मग मोजा.

आता खरा खड्डा. पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जासोबतची पुराव्यांची फाइल, बायोडाटाच्या बाजूने लिहू नका, अभ्यासक्रमाच्या बाजूने लिहा. ‘१२ वर्षे किचन सुपरवायझर, ४० जणांची टीम’ या ओळीला परीक्षक मार्क देऊच शकत नाही, कारण तुम्हाला काय येतं ते तिच्यात लिहिलेलंच नाही. ४ क्रेडिटचा एकच पेपर निवडा, समजा अन्नसुरक्षेचा. त्याचा सिलॅबस काढा. त्यात चार-सहा ‘कोर्स आउटकम’ असतात, म्हणजे तो पेपर शिकल्यावर काय यायला हवं ते. प्रत्येकासाठी वेगळं पान घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: मला हे येतं, हा त्याचा पुरावा, आणि मी असं का करतो. तिसरी गोष्ट नेमकी राहून जाते. उरलेला भात तासन् तास बाहेर ठेवायचा नाही, हे प्रत्येक कुकला माहीत असतं. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं, हे लिहिलंत की क्रेडिटची भाषा सुरू झाली. सोबत चिलरच्या तापमानाच्या नोंदीचं पान लावा. काटा ९ अंशांवर गेला त्या दिवशी माल का फेकला, ते दोन ओळींत सांगा. अशी वीस पानं पुरतात. दोनशे पानांची फाइल कोणी वाचत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर तारवट्याची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, उत्तम; जहाजावर चढल्या-उतरल्याच्या (साइन-ऑन, साइन-ऑफ) तारखा शिक्क्यानिशी असतात. पण ती फक्त काळ सिद्ध करते. सीझनपुरत्या नोकऱ्यांची पत्रं कुणाकडेच नसतात. अशा वेळी पीएफ कापला गेला असेल तर पीएफ कार्यालयाची (ईपीएफओ) सर्व्हिस हिस्ट्री कामी येते. फार्मावाल्यांनी मात्र बॅच रेकॉर्डचे, म्हणजे कंपनीच्या गोपनीय उत्पादन नोंदींचे, फोटो काढून आणू नयेत. क्रेडिट राहील बाजूला, नोकरी जाईल. कामाचं स्वरूप सांगणारं क्यूए हेडचं (गुणवत्ता विभागप्रमुखाचं) पत्र घ्या. आणि ज्ञान ताजं लागतं. हिशेब लिहिणाऱ्याचा जुन्या व्हॅटवर हात बसलेला असेल पण १ जुलै २०१७ नंतर जीएसटीचं रिटर्न भरलं नसेल, तर त्या पेपरचा दावा करू नका.

कौशल्य योजनेखाली मिळालेलं आरपीएल प्रमाणपत्र असेल तर आधी त्यावरची लेव्हल बघा. क्रेडिट फ्रेमवर्कच्या पायऱ्यांत पदवीचं पहिलं वर्ष लेव्हल ४.५ ला बसतं. लेव्हल ३ किंवा ४ चं प्रमाणपत्र शाळेच्या पायरीचं आहे. ते वाया गेलेलं नाही, पण पदवीच्या पेपरच्या जागी ते चालत नाही.

पैसे घेऊन पोर्टफोलिओ ‘बनवून देणारे’ भेटतील, एआयकडून लिहून घेण्याचा मोहही होईल. दोन्ही तोंडी परीक्षेत पहिल्या ‘का?’ला उघडे पडतात. मार्गदर्शक म्हणून साहेबाच्या मागे लागू नका, तो तुमचं कौतुकच करणार. तो पेपर कॉलेजात शिकवणारा माणूस गाठा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे सरू नका. तोंडी परीक्षा मराठीत किंवा कोंकणीत देता येईल का, ते आधीच विचारा. काम येणाऱ्या माणसाला बोलता येतंच, फक्त मोठ्याने सराव हवा.

फी भरण्याआधी संस्थेच्या ऑर्डिनन्समध्ये (नियमावलीत) आरपीएलची तरतूद आहे का आणि कमाल किती क्रेडिट देतात, ते लेखी विचारा आणि अर्जावर इनवर्ड नंबर घ्या. काउंटरवरच्या ‘जातलें, जातलें’वर (होईल, होईल) एक रुपयाही भरू नका. क्रेडिट एबीसीत आपोआप पडत नाहीत, संस्थेला ते चढवावे लागतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं आणि एका पदवीसाठी वापरलेले पुन्हा वापरता येत नाहीत. गोव्यात आणखी एक अडचण हमखास येते: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, सीडीसीवर तिसरं. एबीसीचं खातं आधारच्या नावाने उघडतं, म्हणून पोर्टफोलिओचं पहिलं पान लिहिण्याआधी नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या. या कामाला फाइलीपेक्षा जास्त दिवस लागू शकतात.