उत्तराला उताऱ्याचा आधार द्यायला कसं शिकवावं

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे सातवी-आठवीची मुलं मराठी शिकायला येतात. त्यांच्या शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या, म्हणून उतारे मीच लिहिते, शक्यतो बडोद्यावरचे. ओळखीच्या विषयात एक धोका असतो: मुलं उतारा सोडून घरी ऐकलेलं लिहितात. म्हणून ओळीवर बोट ठेवल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

समजा, उताऱ्यात आहे: 'सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ साली ते सगळ्या राज्यात लागू झालं.' प्रश्न: ही योजना कशी राबवली? 'महाराज फार थोर होते' हे उत्तर मी परत करते. थोर होतेच, पण विचारलंय वेगळं. आधी एका वाक्यात आपलं म्हणणं: योजना टप्प्याटप्प्याने राबवली. मग पुरावा: दोन्ही सालं, दोन्ही ठिकाणं. बहुतेक मुलं इथेच थांबतात, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. "बरं, यावरून काय कळतं?" असं विचारा आणि गप्प बसा. 'आधी एकाच भागात, तेरा वर्षांनी सगळीकडे, म्हणजे एकदम नाही केलं' असं मूल बोललं, की तेच त्याच्या शब्दांत लिहू द्या.

कुणी 'अमरेलीत यश आलं म्हणून' असं लिहिलं, तर "ती ओळ दाखव" म्हणा. उताऱ्यात ती नाही. अंदाज असेल तर 'आलं असावं' लिहायचं.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी तपासा.