पाचशे डझन हापूसची ऑर्डर आणि तिचं शेपूट: मेल उघडताना या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये देवगडच्या बागायतदाराला जेवायलाही फुरसत नसते. पेट्या भरता भरता तो मेल बघतो. असाच एक जण गेल्या हंगामात माझ्या दुकानात सीपीयू घेऊन आला. "मी काय्येक करूक नाय, फक्त ऑर्डर उघडून बघितलंय."

मेलमध्ये पाचशे डझनाची मागणी, तपशील सोबतच्या फाईलमध्ये. भावाचा शब्दही नाही! एवढा माल घेणारं गिऱ्हाईक आधी भाव पाडून मागतं, तिथेच खटकायला हवं होतं. फाईलवर पीडीएफचं चित्र, नावाच्या शेवटी पीडीएफ. पण त्याच्याही पुढे खरं शेपूट होतं, ईएक्सई. म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. विंडोज हे शेपूट मुळातच लपवून ठेवतं. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस याच युक्तीने जगभर पसरला: दिसायला टीएक्सटी, मागे दडलेलं व्हीबीएस. आजच फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज ११ मध्ये ते 'व्ह्यू'मधल्या 'शो'खाली सापडेल.

झिप फाईलला पासवर्ड, आणि तो त्याच मेलमध्ये लिहिलेला? कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात कोण पाठवतो? ते कुलूप तुमच्यासाठी नसतंच, अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतं.

वर्ड-एक्सेलमधल्या पिवळ्या पट्टीवरचं 'एनेबल कंटेंट' दाबू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो, म्हणजे आत दडलेले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, पण आपल्याकडे जुनं ऑफिस अजून भरपूर आहे.

आमच्या बागायतदाराचं मोठं नुकसान मात्र क्लिकनंतर झालं. काहीच उघडेना म्हणून त्याने फाईल चारदा दाबली. मग हिशेब वाचवायला बॅकअपची हार्ड डिस्क जोडली. तीही गेली, आतल्या सगळ्या फाईली कुलूपबंद.

असं झालं तर आधी नेट तोडा. सेटिंग शोधत बसू नका, राऊटरची पिनच उपसा. जोडलेली डिस्क, पेनड्राईव्ह काढा; मशीन साफ होईपर्यंत परत लावू नका. पासवर्ड बदलायचे ते मोबाईलवरून, मोबाईल डेटावर, आणि पहिला मेलचा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' बघा, तिथे अनोळखी पत्ता असेल तर तुमची पत्रं अजून दुसरीकडे जातायत. खात्यातून पैसे गेले असतील तर माझ्या दुकानात येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.