आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष आहे? मग हे आधी वाच

सगळ्यात आधी, मॉडेल घेऊन सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढू नकोस. माझं अख्खं माउंट बोर्डचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याचं, मॉडेल दादरला चेपलं आणि दोन रात्रींची मेहनत गेली, तेव्हापासून मी मॉडेल सुट्ट्या भागांत नेते आणि स्टुडिओत जाऊन जोडते. पावसाळ्यात ड्रॉइंगची शीट आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळ मग कंटेनरमध्ये (शीट न्यायच्या नळीत) टाक, ए१ शीट म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमी, छत्रीखाली काय ती मावत नाही.

कटरचं ब्लेड बोथट झालं की लगेच टोक तोड, आणि स्टीलची पट्टी धरून तीन-चार हलक्या फेऱ्यांत काप, जोर लावलास की ब्लेड घसरतं. झोप येत असेल तर कटर ठेवून दे, खरंच.

ज्यूरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, मैत्रिणीला नोट्स घ्यायला सांग, उभं राहून बोलताना निम्मं डोक्यात शिरत नाही.

आणि रविवारी स्केचबुक घेऊन ओव्हल मैदानात जा ना! एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटीचं व्हिक्टोरियन गॉथिक (टोकदार कमानींची ब्रिटिशकालीन शैली), समोर आर्ट डेको (भौमितिक नक्षीची नंतरची शैली) बिल्डिंगा, २०१८ला युनेस्कोच्या यादीत आलं हे सगळं. छज्जे बघ, दुपारी सावली कुठपर्यंत येते ते काढ.