चाळिशीनंतर मानसशास्त्राकडे वळायचंय? राजीनाम्याआधी एवढं बघा

“ताई, मलाही समुपदेशक व्हायचंय, नोकरी सोडू का?” असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, नेमकं काम कोणतं करायचंय? कारण वाटा वेगळ्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी हवी. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामासह चालणारा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा लागतो. नोकरी सांभाळून तो होत नाही. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशन करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आधी मानसशास्त्रातलं एम.ए. विचारतात. तुमची पदवी कॉमर्सची असेल तर प्रवेशाचे नियम प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी मागवा.

घरबसल्या एम.ए.च्या जाहिरातीवर पैसे भरू नका. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत.

आता खरी परीक्षा. मी बँकेत कर्जविभागात होते. समोरच्याची अडचण ऐकायची आणि लगेच मार्ग सांगायचा, हीच तिथली सवय. समुपदेशनात ती आड येते. वहिनी सासूबद्दल बोलत असते आणि “अगं, तू असं कर” हे ओठांवर येतं. ते गिळून अर्धा तास नुसतं ऐकता येतं का, हे घरातच करून बघा. मग एखाद्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक व्हा. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट आत्महत्या प्रतिबंधाच्या कामासाठी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते. रोज कुणाचं तरी दुःख ऐकून घरी आल्यावर आपली झोप, आपली चिडचिड कशी राहते, ते तिथे कळतं. स्वतःही एखाद्या समुपदेशकाकडे जाऊन या, खुर्चीच्या त्या बाजूला बसून बघा.

वयाची मात्र लाज बाळगू नका. हप्ता थकलेला माणूस नजर कशी चुकवतो, हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं, आणि आज ते रोज उपयोगी पडतं.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा: गृहकर्ज, मुलांची फी, आईवडिलांची औषधं. शिक्षणाची वर्षं बिनपगारी धरा. पुढेही आपल्या केसेस अनुभवी समुपदेशकांकडून तपासून घ्यायला फी मोजावी लागते, हे नवख्यांच्या हिशेबात नसतंच. राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. आणि ज्या कॉलेजात जाणार, तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या, शक्यतो चाळिशीपुढच्या दोघातिघांना फोन करून विचारा, पैसे देणारा पहिला माणूस किती महिन्यांनी आला?