कमी रॅमच्या लिनक्स मशीनवर मेमरी कशी ट्यून करावी

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे टॅब वाढले की माउसचा बाणसुद्धा अडखळायला लागतो. ‘स्वॅपिनेस १० करा’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. (स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्यातला डेटा हलवायची, सहसा डिस्कवरची, जागा; स्वॅपिनेस ही त्याबद्दलची एक सेटिंग.) घाई करू नका. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा.

टर्मिनलमध्ये ‘फ्री’ कमांड चालवा. ‘फ्री’ रकान्यातला छोटा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. मोकळ्या रॅममध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाइलींची कॅश ठेवतो आणि गरज पडली की सोडून देतो. तुमच्या कामाचा रकाना ‘अव्हेलेबल’. (दर तासाला कॅश रिकामी करणाऱ्या स्क्रिप्ट अजूनही फिरतात. त्यांनी मशीन मंदच होतं.)

मग ‘व्हीएमस्टॅट १’. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसआय’ म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये येणारा डेटा, ‘एसओ’ म्हणजे बाहेर जाणारा. स्वॅपमध्ये एक जीबी पडून आहे, पण हे दोन्ही रकाने शून्य आहेत? मग काही करू नका. ती सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) आहेत. दोन्ही आकडे सतत मोठे आणि ‘डब्ल्यूए’ (वाट बघण्यात गेलेला वेळ) हा रकानाही चढलेला असेल, तर मात्र सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय.

यावर सगळ्यात गुणकारी उपाय झेडरॅम. यात स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच कॉम्प्रेस होऊन राहतो. फेडोरात ३३व्या आवृत्तीपासून तो आपोआप चालू असतो. डेबियन किंवा उबुंटूवर ‘झेडरॅम-टूल्स’ पॅकेज टाका, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये टक्केवारी ५० ठेवा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. ‘स्वॅपॉन’च्या यादीत झेडरॅमची प्रायॉरिटी डिस्कच्या स्वॅपपेक्षा जास्त दिसली पाहिजे.

आता स्वॅपिनेस. रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होईल, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. तो चुकीचा आहे. जागा करायची वेळ आली की प्रोग्रॅमची पेजेस बाहेर काढायची की फाइलींची कॅश सोडायची, यातला कल तो ठरवतो. मूळ मूल्य ६०, कर्नल ५.८ पासून मर्यादा २००. १०० म्हणजे दोन्हींचा खर्च सारखा. झेडरॅम डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, म्हणून इथे १० नव्हे, १५० ठेवून बघा. सोबत ‘पेज-क्लस्टर’ ३ वरून ० करा. ३ असताना कर्नल एका वेळी ८ पेजेस वाचायला बघतो. फिरत्या हार्डडिस्कवर ते शहाणपणाचं होतं, झेडरॅमवर फुकटचं काम.

दोन्ही मूल्यं आधी ‘सिसकंट्रोल’ कमांडने तात्पुरती लावा. रीबूट केलं की जातात, त्यामुळे धोका नाही. पटली तर ‘सिसकंट्रोल डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइलीत लिहा.

पुन्हा मोजताना एक मेख आहे: झेडरॅमची ये-जासुद्धा ‘एसआय’, ‘एसओ’मध्ये धरली जाते, म्हणून ते आकडे उतरतीलच असं नाही. ‘प्रॉक’मधल्या ‘प्रेशर’ फोल्डरात ‘मेमरी’ ही फाइल उघडा. तिच्यातली ‘फुल’ ओळ मेमरीसाठी सगळी कामं किती वेळ अडली ते दाखवते; तिचा दहा सेकंदांचा आकडा नेहमीच्या कामात शून्याजवळ राहिला तर झालं. नाही राहिला, तर रॅम वाढवा किंवा टॅब बंद करा.