पहिला गेम कुठल्या कन्सोलवर काढायचा?

नांदेड, लातूर नाही तर संभाजीनगरात दोन-तीन पोरं व्हिडिओ गेम बनवायला बसली, की पहिल्याच आठवड्यात ठरून जातं: पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, सगळीकडे काढायचा. एवढी घाई करू नका. इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्लॅटफॉर्म बदलायला एक क्लिक पुरते, पण पुढे करार, डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास कन्सोल), सर्टिफिकेशन (कन्सोल कंपनीची तपासणी) आणि प्रत्येक पॅच, म्हणजे नंतरची दुरुस्ती, पुन्हा पुन्हा तपासणं हे सगळं येतं.

सुरुवात पीसीवर, म्हणजे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर करा. तिथे डेव्हकिट लागत नाही. प्रत्येक गेममागे १०० डॉलर फी आहे. गेमची विक्री १,००० डॉलरपर्यंत गेली की ती परत मिळते. फी भरल्यावर ३० दिवस आणि 'कमिंग सून' पान लागल्यावर किमान दोन आठवडे गेम विक्रीला काढता येत नाही. ही झाली किमान मुदत. विशलिस्ट (गेम घ्यायचाय म्हणून खेळाडूंनी करून ठेवलेली नोंद) जमायला महिने लागतात, म्हणून दिवाळीचा गेम असेल तर पान उन्हाळ्यातच लावा. विक्रीतले ३० टक्के स्टीम ठेवतं. कराचा फॉर्म भरताना पॅन नीट टाका, नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. पॅन नीट असेल, तर भारत-अमेरिका कर-करारामुळे तो कमी होतो.

मात्र पहिल्या दिवसापासून गेम पूर्णपणे कंट्रोलरवर चालला पाहिजे. एखादा मेनू माउसशिवाय उघडत नसेल, तर पोर्टच्या वेळी, म्हणजे गेम कन्सोलवर नेताना, अख्खा इंटरफेस पुन्हा लिहावा लागतो. टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसून अक्षरं वाचून बघा.

आता कन्सोल. यादीतलं सगळ्यात अशक्त यंत्र कुठलं, हे आधी बघा, कारण गेमचं माप तेच ठरवतं. पहिल्या स्विचची रॅम ४ जीबी, त्यातही काही भाग सिस्टीमचा. एक्सबॉक्सच्या दोन मॉडेलांपैकी सिरीज एक्सला १६ आणि सिरीज एसला १० जीबी, आणि गेम दोन्हींवर चालवावाच लागतो. २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन (पडदा वाटून दोघांनी खेळायची सोय) बसत नसल्यामुळे एक्सबॉक्सवर प्लेस्टेशननंतर काही महिन्यांनी आला, आणि सिरीज एसवर ती सोय वगळूनच. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवायची तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३. तुमच्या गेमिंग लॅपटॉपवरच गेम काठावर चालत असेल, तर स्विचचा विचार टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि सावल्या कमी केल्यावर करा.

इंजिन निवडतानाही कन्सोल डोक्यात असू द्या. गोडो हे इंजिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि कन्सोलचा कोड गोपनीयतेच्या कराराखाली असतो, त्यामुळे तो गोडोसोबत वाटता येत नाही. पोर्टसाठी बहुतेकदा दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते. युनिटी आणि अनरियल या इंजिनांमध्ये कन्सोल कंपनीची मंजुरी मिळाल्यावर कन्सोलचा भाग उघडतो.

बहुतेक नवखे अडकतात ते सर्टिफिकेशनमध्ये. खेळताना कंट्रोलरची जोडणी तुटली आणि गेम थांबला नाही, की नापास. स्क्रीनवर दुसऱ्याच कन्सोलच्या बटणाचं चित्र दिसलं, की नापास. कन्सोल झोपवून पुन्हा जागा केल्यावर आवाज गेला किंवा ऑनलाइन जोडणी अडकली, तरी तेच. सेव्ह होत असताना वीज गेली तर? परभणी-हिंगोलीकडे हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जुन्या फाइलवर थेट लिहू नका. नवीन फाइल पूर्ण लिहून, तपासून, मगच जुनीच्या जागी ठेवा. नापास झालं की दुरुस्ती करून पुन्हा रांगेत, म्हणून सर्टिफिकेशनमध्ये पास होईपर्यंत रिलीजची तारीख जाहीर करू नका.

निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. त्यामुळे गावात चाचणीला खेळाडू मिळणं कठीण, आणि गिऱ्हाईक बहुतांशी बाहेरचं. तुमच्याच जातकुळीचे, तुमच्याच आकाराच्या टीमने काढलेले दहा अलीकडचे गेम शोधा. ते कुठल्या कन्सोलवर आले, पीसीनंतर किती महिन्यांनी, आणि तिथे त्यांचे पॅच अजून निघतात का, हे वहीत मांडा. दहांतले सात-आठ एकाच कन्सोलवर गेले असतील, तर तोच आधी घ्या.

पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, पोर्टचा खर्च उचलत असेल, तर सही करण्याआधी करारात तीन गोष्टी बघा: तो खर्च तुमच्या वाट्यातून आधी वसूल होणार का, रिलीजनंतरचे पॅच कोण काढणार, आणि कन्सोलचे हक्क किती वर्षांसाठी जाताहेत.